झॅम्पमधला मायएसक्यूएल सारखा बंद पडतोय, दूध संस्थेचा सगळा हिशेब त्यात आहे

दूधसचिव
१९ मे, रात्री १०.१०

नमस्कार. संगमनेर तालुक्यातल्या एका लहान महिला दूध संस्थेची मी सचिव आहे. २१२ सभासद, रोजच्या दोन पाळ्या. कोणी किती लिटर घातलं, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) किती, दर काय बसला, पशुखाद्याची कपात, उचल, सगळं एका डेस्कटॉपवर आहे. पुतण्यानं कॉलेजात असताना पीएचपीमध्ये प्रोग्राम लिहून दिला होता, तो झॅम्पवर चालतो, म्हणजे असे प्रोग्राम आपल्याच कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या फुकट पॅकेजवर. नोंदी त्यातल्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये राहतात. सहा वर्षं काही तक्रार नव्हती. पुतण्या आता परदेशात नोकरीला आहे. त्याचा फोन लागतो, पण तो समोर बसून मशीन बघू शकत नाही. म्हणून इथे विचारतेय.

कॉम्प्युटर विंडोज १० चा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. ऑफिसला इन्व्हर्टर आहे, घरगुती.

२८ एप्रिलला पहिल्यांदा झालं. संध्याकाळची पाळी चालू असताना झॅम्पच्या पॅनेलवर मायएसक्यूएलच्या नावामागचा हिरवा रंग गेला आणि खाली लाल अक्षरांत ‘मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’ आलं. पुन्हा स्टार्ट दाबलं, चालू झालं. मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा. मे उजाडला तसा वळवाचा पाऊस सुरू झाला, वीज दिवसातून चारपाच वेळा जायला लागली आणि हे रोजचं झालं. बायका बाहेर किटल्या घेऊन रांगेत उभ्या, आणि मी आत स्टार्ट दाबतेय.

काल संध्याकाळपासून तर चालतच नाही. स्टार्ट दाबलं की हिरवं होतं. मी प्रोग्राम उघडते, पहिलं पान यायच्या आत पुन्हा बंद. कालची आणि आजची पाळी वहीवर लिहून घेतली.

आज दुपारी एकानं सांगितलं की डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ ही फाइल आणि आयबी_लॉगफाइलच्या दोन्ही फाइली डिलीट कर, त्या आपोआप नव्या बनतात. मी तसं केलं. खरंच सर्व्हर चालू झाला आणि चालू राहिला. पण प्रोग्राममध्ये एकही नोंद नाही. पीएचपीमायअॅडमिनमध्ये (डेटाबेस आतून बघायच्या पानावर) डावीकडे टेबलांची नावं दिसतात, पण कुठल्याही नावावर क्लिक केलं की ‘डझंट एक्झिस्ट इन इंजिन’, एरर १९३२.

११ ते २० मे या दहा दिवसांचं बिल २२ तारखेला वाटायचं आहे. शाळा उघडायला आल्यात, या बिलावर कितीजणींची वह्यापुस्तकं ठरलेली आहेत हे मला नावानिशी माहीत आहे. बॅकअप आहे, पण तो गेल्या दिवाळीतला. मी काय करू?


चहापोहे
१९ मे, रात्री १०.३२

ताई, बहुतेक वेळा हे ३३०६ पोर्टमुळे (मायएसक्यूएल ज्या दारातून बोलतं त्याचा क्रमांक) होतं. दुसरं एखादं मायएसक्यूएल विंडोजची सर्व्हिस म्हणून आधीच चालू असतं, तो पोर्ट धरून बसतं आणि झॅम्पवालं पडतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट चालवून ३३०६ कोणाकडे आहे ते बघा. नाहीतर सरळ झॅम्प काढून नवीन टाका.


ओटीपरेटर_निवृत्त
१९ मे, रात्री १०.५०

ताई, आधी एक करा. झॅम्प अनइन्स्टॉल करू नका. त्यात तुमचा डेटा फोल्डरही जाऊ शकतो. आणि रिसायकल बिन रिकामी करू नका. बाकी काहीही नंतर बघू.

पोर्टचा विषय इथे लागू नाही. पोर्ट अडलेला असता तर सर्व्हर सुरू होतानाच पडला असता. तुमचा सुरू होतो, हिरवा होतो आणि प्रोग्रामचं पहिलं पान उघडलं की पडतो. म्हणजे त्या पानासाठी तो जे काही वाचायला जातो, तिथे तो अडतोय. त्या पहिल्या पानावर काय काय दाखवतात?

आता त्या तीन फाइलींबद्दल. एक घाईचा सल्ला म्हणून हा उपाय खूप फिरतो आणि त्यापायी लोकांचे हिशेब गेलेले मी पाहिलेत. पॅनेलवर नाव मायएसक्यूएल दिसत असलं तरी २०१५ पासून झॅम्पमध्ये येते ती मारियाडीबी, मायएसक्यूएलपासूनच निघालेली. तिच्यात प्रत्येक टेबलाच्या दोन फाइली असतात. एफआरएम फाइलीत टेबलाचा आराखडा, आयबीडी फाइलीत खऱ्या नोंदी. पण कुठली आयबीडी कुठल्या टेबलाची, तिचा अंतर्गत क्रमांक काय, याची नोंदवही आयबीडेटा१ मध्ये असते. ती तुम्ही काढलीत, सर्व्हरनं नवी कोरी वही बनवली. एफआरएम फाइली जागेवर आहेत म्हणून नावं दिसतात. वहीत त्यांची नोंद नाही म्हणून इंजिन (नोंदी साठवणारा भाग, त्याचं नाव इनोडीबी) म्हणतं, असं टेबल मला माहीत नाही. तुमच्या नोंदी आयबीडी फाइलींत जशाच्या तशा आहेत. घाबरू नका.

तुम्ही साधं डिलीट दाबलं होतं ना, शिफ्ट धरून नव्हतं? मग तिन्ही फाइली बिनमध्ये असतील. आता असं करा. पॅनेलमधून मायएसक्यूएल थांबवा. अख्खा डेटा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा, आहे त्या स्थितीत. मग डेटा फोल्डरमधल्या त्याच नावाच्या नव्या तीन फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि बिनमधल्या जुन्या तिन्ही परत आणा. तिन्ही एकत्रच यायला हव्यात. जुनी वही आणि नवा लॉग अशी जोडी लावायची नाही, त्यांच्यातले क्रमांक एकमेकांशी जुळलेले असतात.

ते झालं की सर्व्हर सुरू करायच्या आधी डेटा फोल्डरमधली मायएसक्यूएल_एरर डॉट लॉग ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि कालच्या संध्याकाळच्या शेवटच्या वीसेक ओळी इथे टाका. पॅनेलवरचं लाल वाक्य नेहमी तेच असतं, ते काहीही झालं तरी येतं. खरं कारण या फाइलीत असतं.


दूधसचिव
२० मे, सकाळी ७.०५

सकाळची पाळी वहीवर उरकून बसले. तुमचं उत्तर रात्री तीन वेळा वाचलं. ‘नोंदी जशाच्या तशा आहेत’ हे वाचलं तेव्हा झोप लागली.

चहापोहे, तुमचेही आभार. नेटस्टॅट चालवून बघितलं, ३३०६ वर दुसरं कोणी नाही.

पहिल्या पानावर आजची दोन्ही पाळ्यांची बेरीज, चालू दहा दिवसांची बेरीज आणि १ एप्रिलपासून आजपर्यंत संस्थेनं किती दूध घेतलं ती बेरीज दिसते. ती शेवटची मीच पुतण्याला सांगून घालून घेतली होती, वार्षिक सभेत लागते म्हणून.

तिन्ही फाइली बिनमध्ये सापडल्या आणि परत आल्या. पण त्याआधी डेटा फोल्डर कॉपी करताना अडचण आली. बाकी सगळं गेलं, संकलन नावाच्या टेबलाची आयबीडी फाइल शेवटाकडे आली की थांबते, आणि ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असं काहीतरी म्हणते. दोनदा केलं, दोन्ही वेळा तिथेच.

लॉगमध्ये १८ तारखेच्या संध्याकाळी हे पुन्हा पुन्हा आहे: ‘इनोडीबी: ऑपरेटिंग सिस्टिम एरर नंबर २३ इन अ फाइल ऑपरेशन.’ बाकी ओळी लांबलचक आहेत, हव्या असतील तर टाकते.


ओटीपरेटर_निवृत्त
२० मे, सकाळी ७.४८

बाकी ओळी नकोत. २३ पुरे.

विंडोजच्या भाषेत एरर २३ आणि कॉपी करताना आलेलं ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ ही एकच गोष्ट आहे. हार्ड डिस्क म्हणतेय, ही जागा मला वाचता येत नाही. म्हणजे तुमचा डेटाबेस बिघडलेला नाही, पुतण्याचा प्रोग्रामही बिघडलेला नाही. डिस्कवरचा एखादा ठिपका गेलाय, आणि त्या ठिपक्यावर संकलन टेबलाचं एक पान बसलेलं आहे. १ एप्रिलपासूनची बेरीज करताना सर्व्हर त्या पानावर जातो, डिस्क नकार देते आणि सर्व्हर स्वतःला बंद करून घेतो. चुकीचे आकडे देण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, असा त्याचा स्वभाव आहे, आणि हिशेबासाठी तो योग्य आहे. तीन आठवडे कधी चालायचं कधी नाही, त्याचंही हेच कारण. कमजोर झालेला ठिपका पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला कधी वाचला जातो, कधी नाही. आता तो वाचला जातच नाही.

यावरून हेही कळतं की खराब पान एप्रिल किंवा मे महिन्यातलं आहे. जुनं सगळं सुरक्षित असण्याची शक्यता मोठी आहे.

आता तीन गोष्टी करू नका. चेकडिस्क चालवू नका. तो खराब जागा बाजूला टाकतो खरा, पण आपल्याला आधी तिथून जेवढं निघेल तेवढं काढून घ्यायचंय, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास दमवायचं नाही. त्या डिस्कवर नवीन काही टाकू नका. आणि प्रोग्राम उघडून बघत राहू नका.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवून बघा. त्यात ०५, सी५ आणि सी६ (बदललेल्या, वाचायला अडलेल्या आणि वाचताच न आलेल्या जागांची मोजणी) या तीन ओळींसमोर काय आकडे आहेत ते सांगा.


पेनड्राइव्हवर_लिनक्स
२० मे, सकाळी ९.१५

वरच्या काकांचं सगळं बरोबर आहे. पुढची पायरी मी सांगतो, शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबमुळे मला हे तीनचार वेळा करावं लागलंय.

विंडोजची कॉपी पहिल्या खराब जागेवर हात टेकते आणि अख्खी फाइल सोडून देते. लिनक्समध्ये जीएनयूचं डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते वाचता येणारा भाग आधी पूर्ण उचलतं, मग अडलेल्या जागी परत परत प्रयत्न करतं आणि शेवटी जे मिळालं नाही तेवढीच जागा रिकामी ठेवतं. किती बाइट राहिले तेही सांगतं. कुठं काय वाचलं याची नोंद ते एका मॅपफाइलमध्ये ठेवतं. मध्येच वीज गेली तरी तीच मॅपफाइल देऊन पुढून सुरू करता येतं, म्हणून ती द्यायला विसरू नका.

उबुंटूची पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन चालू करा, इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा. त्याआधी विंडोज बंद करताना शिफ्ट धरून शट डाउन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं. जुनी डिस्क फक्त वाचण्यासाठी माउंट करा, कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. आधी मूळ फाइल, मग नवी फाइल, मग मॅपफाइल, हा क्रम तीन वेळा वाचून मगच एंटर दाबा.

तुमच्याकडे कोणी करणारं नसेल तर सांगा. मी सिन्नरला असतो, रविवारी येऊ शकतो. पण तुमचं बिल २२ ला आहे, तोवर थांबायची गरज पडणार नाही असं वाटतं.


दूधसचिव
२० मे, रात्री ११.२०

०५ समोर ०, सी५ समोर ८, सी६ समोर ८. वरती पिवळ्या चौकटीत ‘कॉशन’.

गावातल्या हायस्कूलच्या सरांना उबुंटू येतं हे मला आजच कळलं. ते पाळी संपल्यावर आले. ११६ एमबीची फाइल होती, डीडीरेस्क्यूनं ती पाच मिनिटांत उचलली आणि मग एका जागी चाळीस मिनिटं घुटमळत राहिलं. शेवटी ४०९६ बाइट मिळाले नाहीत. बाकी सगळं मिळालं. सर म्हणाले, एवढ्याशा जागेसाठी एवढं रामायण.

पुतण्याशी बोलले. त्यानं सांगितलं की संकलन टेबलात प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक आहे आणि एकाच पाळीत एका सभासदाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून तारीख, पाळी आणि सभासद क्रमांक यांवर युनिक इंडेक्स, म्हणजे एक वेगळी सूची आहे. याचा उपयोग आहे का?


ओटीपरेटर_निवृत्त
२१ मे, सकाळी ६.३०

फार मोठा उपयोग आहे. पुतण्यानं हे केलंय त्याबद्दल त्याला शाबासकी द्या.

सी५ मधला ८ म्हणजे ५१२ बाइटचे ८ सेक्टर, म्हणजेच ४०९६ बाइट. तुमचं गणित दोन्हीकडून जुळलं. इनोडीबीचं एक पान १६ केबीचं असतं. त्यातला पाव भाग गेला की पानाचा चेकसम (मजकूर शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) जुळत नाही आणि अख्खं पान बाद होतं. तुमच्या नोंदी लहान आहेत, तेव्हा दीड-पावणेदोनशे नोंदी जातील असा माझा अंदाज. आणि नोंदी चढत्या क्रमांकानं पानावर बसतात, त्यामुळे ज्या जातील त्या विखुरलेल्या नसतील, सलग असतील. जवळपास एकाच पाळीच्या.

आता दुसऱ्या, चांगल्या मशीनवर काम करा. सरांचा लॅपटॉप चालेल. झॅम्पची तुमची तीच आवृत्ती तिथे टाका, त्याचा डेटा फोल्डर बाजूला ठेवून तुमचा वाचवलेला डेटा फोल्डर त्या जागी ठेवा. माय डॉट आयएनआय फाइलीत मायएसक्यूएलडीच्या भागात इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी बरोबर १ अशी ओळ घाला. १ वर सर्व्हर खराब पान दिसलं तरी चालू राहायचा आणि त्याला ओलांडून पुढं जायचा प्रयत्न करतो. हा आकडा ६ पर्यंत जातो, पण ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. तुम्हाला १ पुरेल. न पुरल्यास इथे विचारा, मनानं वाढवू नका.

चालू झाला की संकलन सोडून बाकी सगळी टेबलं मायएसक्यूएलडंपनं (टेबलं साध्या मजकुराच्या फाइलीत, म्हणजे डंपमध्ये, उतरवणारं साधन) काढून घ्या. मग संकलन दोन तुकड्यांत काढा, खराब पानाच्या आधीच्या क्रमांकांपर्यंत एक आणि नंतरच्या क्रमांकांपासून दुसरा. नेमकी सीमा सापडेपर्यंत सर्व्हर दोनचार वेळा पडेल. पडू द्या, ती मूळ प्रत नाही.

आता इंडेक्स. युनिक इंडेक्सची स्वतःची वेगळी पानं असतात, आणि त्यात तारीख, पाळी, सभासद क्रमांक यांच्यासोबत नोंदीचा क्रमांकही साठवलेला असतो. फक्त हे चारच रकाने मागितले आणि फोर्स इंडेक्स म्हणून तोच इंडेक्स वापरायला लावला, तर सर्व्हर खराब पानाकडे जाणारच नाही. हरवलेल्या पाळीत नेमकं कोणी दूध घातलं ती पूर्ण यादी तुम्हाला मिळेल. राहतील ते फक्त लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम.


दूधसचिव
२२ मे, दुपारी ३.४०

मिळालं.

क्रमांक ८,१४,०३७ ते ८,१४,२०० एवढ्या १६४ नोंदी गेल्यात. ११ एप्रिलची संध्याकाळची पाळी. सव्वाआठ लाखांहून जास्त नोंदींमधून एक संध्याकाळ. इंडेक्सवरून १६४ जणींची यादी निघाली, ती मी छापून भिंतीवर लावली.

पुढची गोष्ट सासूबाईंनी केली, ती इथे लिहायलाच हवी. कॉम्प्युटर यायच्या आधी नऊ वर्षं संस्थेची वही त्यांच्या हातची होती. मी सभासदांची कार्डं गोळा करायची म्हणत होते, त्यांनी यादीवर बोट ठेवून विचारलं, ‘एप्रिलच्या ११ ते २० चं बिल तर दिलंय ना आपण? मग त्यात प्रत्येकीचं वीस पाळ्यांचं एकूण दूध आहे. एकोणीस पाळ्या तुझ्याकडे आहेत. वजा कर.’

बिलाचं टेबल वेगळ्या फाइलीत होतं आणि ते पूर्ण सुखरूप होतं. वजाबाकी केली, लिटरही आले आणि रक्कमही आली. सगळ्यांची बेरीज त्या संध्याकाळच्या शीतकरण केंद्राच्या पावतीशी ताडून पाहिली. त्या पाळीच्या सुखरूप राहिलेल्या नोंदी धरून दोन्हींत ३ लिटरचा फरक निघाला, एवढा तर रोजच किटल्या ओतताना पडतो. फॅट आणि एसएनएफ कार्डांवरून भरतेय, आजपर्यंत १५१ कार्डं आली. माहेरी गेलेल्या आणि कार्ड हरवलेल्या मिळून १३ जणी राहिल्यात. त्यांच्या रकमेला धक्का नाही.

११ ते २० मे चं बिल आज वाटलं. वहीवर लिहिलेल्या पाळ्या रात्री बसून आम्ही दोघींनी चढवल्या.

आता एक अडचण आहे. सरांच्या लॅपटॉपवरून जो डंप घेतला, तो नव्या ठिकाणी भरला तर आकडे बरोबर येतात, पण सभासदांची नावं प्रश्नचिन्हं आणि गिचमिड होऊन येतात. वाचवलेल्या डेटात नावं नीट दिसतात. सध्या चिठ्ठीवर नावाऐवजी फक्त क्रमांक जातोय, आणि म्हाताऱ्या बायका विचारतायत की माझं नाव कुठं गेलं.


पेनड्राइव्हवर_लिनक्स
२२ मे, संध्याकाळी ५.०२

डंप पॉवरशेलच्या खिडकीतून बाणाच्या खुणेनं फाइलीत घेतला असेल. विंडोज १० मधलं पॉवरशेल आलेला मजकूर आधी स्वतःच्या समजुतीनं वाचतं आणि मग वेगळ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) लिहितं. इंग्रजी आणि आकडे त्यातून टिकतात, देवनागरी टिकत नाही. सासूबाईंचं नाव तिथेच पुसलं गेलं.

डंप पुन्हा घ्या. बाण वापरू नका, मायएसक्यूएलडंपचाच रिझल्ट-फाइल हा पर्याय देऊन फाइलीचं नाव सांगा, आणि डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. भरतानाही तेच. त्यानंतर नोटपॅडमध्ये डंप उघडून एखादं जोडाक्षराचं नाव शोधा, ते नीट दिसलं की मगच पुढे जा.


ओटीपरेटर_निवृत्त
२२ मे, रात्री ८.१५

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पन्नाशीच्या आतल्या किती जणांना ती वजाबाकी सुचली असती, मला शंका आहे.

आता हे पुन्हा होऊ नये म्हणून. ती हार्ड डिस्क पुन्हा वापरू नका, चेकडिस्क करून ‘बरी’ झाली असं वाटलं तरी. लहान एसएसडी घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ किती वेळा आहे बघा. तो मशीन नीट बंद न होता गेल्याचा शिक्का आहे. लिहीत असताना वीज गेली तर ठिपका अर्धवट लिहिलेला राहू शकतो, आणि तुमची तक्रार बरोबर वळवाच्या दिवसांत वाढली. घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण घेतो, तेवढ्यात पंखा चालू राहतो, कॉम्प्युटर राहत नाही. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा, आणि मध्ये एक छोटा यूपीएस घालाच.

मायएसक्यूएल विंडोजची सर्व्हिस म्हणून बसवा. मग विंडोज बंद करताना ते त्याला थांबायला सांगतं आणि थोडा वेळ देतं. नाहीतर तुम्ही पॅनेलमध्ये स्टॉप न दाबता मशीन बंद केलं की तो अर्ध्यावर मारला जातो. इनोडीबी त्यातून सहसा सावरतो, पण रोज रोज त्याची परीक्षा कशाला घ्यायची.

आणि बॅकअप. टास्क शेड्यूलरमधून रोज संध्याकाळची पाळी संपल्यावर डंप निघू द्या, तारखेच्या नावानं. सात दिवसांचे मशीनवर, एक पेनड्राइव्हवर, आणि ती पेनड्राइव्ह रात्री तुमच्या घरी. महिन्यातून एकदा तो डंप सरांच्या लॅपटॉपवर भरून नावं आणि शेवटची पाळी बघा. दिवाळीतला बॅकअप तुम्ही कधी भरून पाहिला होता का?


दूधसचिव
२४ मे, सकाळी ९.३०

नव्हता पाहिला. काल पाहिला. त्यातही नावं प्रश्नचिन्हंच होती. म्हणजे ज्या बॅकअपवर मी सहा महिने निर्धास्त होते, त्यातून सभासदांची नावं परत आली नसती. तो तसाच ठेवलाय, पुतण्याला दाखवायला.

कर्नल-पॉवर ४१ मोजलं. मे महिन्यात ३७ वेळा.

२४० जीबीची एसएसडी बसवली, यूपीएस आणला. खर्चाला अध्यक्षबाईंनी लगेच सही केली. डंप सांगितल्याप्रमाणे पुन्हा घेतला आणि भरला. रोजचा डंप रात्री साडेआठला लागतो, पेनड्राइव्ह माझ्या पिशवीत असते. काल पाळीच्या मधोमध वीज गेली, पंखा क्षणभर मंदावला, यूपीएस वाजला, मशीन चालूच राहिलं. मी मुद्दाम १ एप्रिलपासूनची बेरीज तेव्हाच उघडून बघितली.

आज सकाळी पहिली चिठ्ठी सासूबाईंची काढली. नाव नीट आलं, जोडाक्षरासकट. १३ पैकी ४ कार्डं अजून यायची आहेत.